हात मोकळा, मांड आखलेला

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की हरमल, मांद्रे, मोरजी या पेडण्याच्या किनारपट्टीवर योग आणि ध्यानाच्या वर्गांबरोबर हल्ली चित्रांच्या कार्यशाळाही भरतात. तिथं चित्रकला शिकवली जात नाही. समोर फळांची परडी मांडलेली नसते, आधी पेन्सिलीनं रेखाटन करायचं नसतं आणि चुकलं की जमलं हे सांगायला कोणी मास्तर नसतो. मोठा कागद, रंगांच्या वाट्या आणि सूचना एकच: काय काढायचं ते ठरवू नका, मनात जे चाललंय त्याच्या मागं हात जाऊ द्या. अशा चित्राला आपण उत्स्फूर्त चित्र म्हणू. त्याबद्दल गोव्यात साधारण दोन मतं ऐकू येतात. गावातल्या जाणत्या माणसाला ते पैसेवाल्या पाहुण्यांचं खूळ वाटतं. शहरात शिकून आलेल्या तरुणाला ताण, दुःख, एकटेपणा या सगळ्यांवरचा तो उतारा वाटतो. दोन्ही मतं घाईची आहेत. उत्स्फूर्त चित्रामुळे माणसाला स्वतःच्या मनाकडे जरा दुरून पाहता येतं, हे मानायला आधार आहे. पण ती संधी मोकाट स्वातंत्र्यातून मिळत नाही. हाताला मोकळीक आणि भोवती पक्की आखणी, असं दोन्ही लागतं. आणि अशी आखणी कशी करावी, याची जाण पेडणे-डिचोलीच्या गावांत कार्यशाळांच्या कितीतरी आधीपासून आहे.

आधी खुळाच्या आरोपाचं पाहू. न ठरवता चित्र काढून मनाचा ठाव घ्यायचा ही कल्पना काही किनाऱ्यावर जन्मली नाही. स्वित्झर्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वतःच्या मनातली दृश्यं एका लाल बाडात रंगवत होता. ते बाड 2009 मध्ये छापून आलं. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाच्या रुग्णालयात पडून असताना चित्रं काढत राहिला आणि 1942 च्या सुमारास त्यानं या उद्योगाला कलोपचार असं नाव दिलं. मॅरियन मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःला चित्र का काढता येत नाही या एका प्रश्नावर 1950 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. पण आपल्याला जवळचं आणि अधिक बोलकं उदाहरण रवींद्रनाथांचं आहे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळला, 1930 मध्ये पॅरिसला त्याचं पहिलं प्रदर्शन भरलं आणि मागं दोन हजारांवर चित्रं राहिली. या चित्रांचं मूळ हस्तलिखितांत आहे. कवितेतल्या खोडलेल्या ओळी त्यांना तशाच विद्रूप ठेवायला आवडत नसत. एक खाडाखोड दुसरीला जोडत ते रेषा फिरवत, आणि त्यातून कधी पक्ष्याची चोच, कधी न पाहिलेला प्राणी, कधी उदास चेहरा उभा राही. 1924 च्या ‘पूरबी’च्या हस्तलिखितात हे दिसतं. यातली एक गोष्ट सहसा नजरेआड होते. रवींद्रनाथांचा हात मोकळा होता, पण कागद कोरा नव्हता. खोडलेल्या शब्दांनी जागा आधीच अडवलेल्या होत्या. कुठून सुरुवात करायची आणि कशाला वळसा घालायचा हे त्यांनी ठरवून दिलं होतं.

गोव्याशी नातं असलेल्या चित्रकारांकडे पाहिलं तरी हेच आढळतं. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 मध्ये नागपूरला, गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी झाला, जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका त्यांनी 1948 मध्ये घेतली. त्यांच्या चित्रात माणूस नाही, घर नाही, ओळखू येईल असं काहीच नाही. रंगाच्या धुक्यातून काही आकार वर येतात आणि परत बुडतात. अशी चित्रं पाहून पुष्कळांना वाटतं की आलं मनात आणि ओतला रंग. प्रत्यक्षात गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. बराचसा काळ बसून राहण्यात, वाट पाहण्यात जाई. मग रूळ आणि सुरी घेऊन ते थरावर थर चढवत, वर्तमानपत्राचे फाटके तुकडे दाबून रंग उचलत, खरवडत. झेन विचाराचा आणि रमण महर्षी, कृष्णमूर्ती यांच्या शिकवणीचा त्यांच्यावर प्रभाव होता. एका कॅनव्हासवर बहुधा एकाच रंगाच्या छटा, आणि उत्तरकाळात बहुतेक उभाच आकार, इतकी बंधनं त्यांनी आपणहून घालून घेतली होती. मडगावात जन्मलेले आणि पुढं 1977 ते 1987 गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले लक्ष्मण पै यांनी रागांवर चित्रमालिका केली, तीही याच वाटेवरची. रागात स्वर ठरलेले, वर्ज्य काय ते ठरलेलं, आणि त्या मर्यादेतच गाणाऱ्याची सगळी मनःस्थिती उतरते. गोव्याबाहेरचे मराठी चित्रकार प्रभाकर बरवे तर स्वप्नं, वस्तू आणि सुचलेले आकार वर्षानुवर्षं डायरीत टिपत राहिले. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक अशाच टिपणातून वाढलं. त्यांच्या कोऱ्या कॅनव्हासमागं भरलेल्या वह्यांची चळत होती.

इथं कोणी म्हणेल, हे झाले मोठे कलावंत. ज्याला साधा आंबा नीट काढता येत नाही, त्याचं काय? याला बऱ्यापैकी सरळ उत्तर मिळालेलं आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं रंग, माती, कागद यांच्याशी मनाला येईल ते करू दिलं आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल हे शरीरातलं ताणाशी निगडित संप्रेरक. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या शरीरातलं त्याचं प्रमाण कमी झालं होतं, आणि आधी चित्रकलेचा सराव असणं-नसणं यानं त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण चित्र येत नाही म्हणून ही वाट आपल्यासाठी बंद आहे, असं समजायला तरी जागा उरत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि कार्यशाळांची जाहिरात करणारे तिचा उल्लेख करत नाहीत. 2005 मध्ये करी आणि कॅसर या दोन अमेरिकी संशोधकांनी 84 विद्यार्थ्यांना आधी चिंतेत टाकलं आणि मग तीन गटांत वाटलं. एकानं मंडलाची आकृती रंगवायची, दुसऱ्यानं चौकडीची नक्षी, तिसऱ्यानं कोऱ्या कागदावर वाटेल ते. पहिल्या दोन गटांची चिंता उतरली. कोऱ्या कागदाच्या गटाला तसा गुण आला नाही. पुढं ड्रेक आणि विनर यांनी लोकांचं मन आधी खिन्न करून काहींना त्या खिन्नतेचंच चित्र काढायला लावलं आणि काहींना तिच्याशी संबंध नसलेलं दुसरंच काही. 2012 च्या या निबंधाचा निष्कर्ष असा की मनातली वाफ कागदावर सोडणाऱ्यांपेक्षा लक्ष दुसरीकडे वळवणाऱ्यांना लगेच जास्त बरं वाटलं. म्हणजे ‘मनातलं सगळं कागदावर ओका, हलकं वाटेल’ हे कार्यशाळेतलं लाडकं वाक्य प्रयोगात टिकत नाही. उत्स्फूर्त चित्राची बाजू घ्यायची तर हे पुरावे टाळून चालणार नाही, आणि दाराबाहेर रोज ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईला ते सांगण्याचीही फारशी गरज नाही.

मात्र या प्रयोगांनी मोजलं काय, तेही पाहायला हवं. त्यांनी चित्र संपताक्षणीचा मूड मोजला. मूड आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एका वेळापत्रकानं चालत नाहीत. टेक्सासच्या जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये एका सहकारी बाईंबरोबर विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या बोचऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर मुलांना बरं वाटण्याऐवजी अधिक अस्वस्थ वाटलं. पण नंतरच्या काही महिन्यांत, ज्यांनी प्रसंग आणि भावना असं दोन्ही लिहिलं होतं त्यांच्या महाविद्यालयाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट निघाली. पहिल्या दिवशीचं दुःख चौथ्या दिवशी तसंच उगाळणाऱ्यांना फारसा लाभ झाला नाही. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ असे शब्द वाढत गेले त्यांना झाला. हे लिखाणाबद्दल आहे, चित्राबद्दल नव्हे, आणि त्यावरून चित्राकडे उडी मारताना सावध राहायला हवं. तरी दिशा कळते. कागदावर रंग फेकण्याच्या क्षणात फार काही घडत नाही. घडतं ते नंतर, म्हणजे काढलेल्याकडे परत पाहिल्यावर, त्यातलं काहीतरी ओळखू आल्यावर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चित्रात ते थोडं बदलल्यावर. किनाऱ्यावरच्या तीन तासांच्या वर्गात हा नंतरचा भाग बसतच नाही. संध्याकाळी समूहानं टाळ्या वाजवून चित्रं गुंडाळायची आणि सकाळी बस धरायची, एवढ्यात फार तर एक चांगला दिवस जातो.

मग हा नंतरचा भाग आणि त्याआधीची आखणी कशी असावी? इथं किनारा सोडून आत जायला हवं. अठराव्या शतकाच्या शेवटी, 1781 ते 1788 च्या दरम्यान, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. इथली देवळं, जत्रा, दशावतार आणि मराठी तोपर्यंत मूळ धरून होती आणि पुढंही राहिली. याच पट्ट्यातल्या गावांत पौष महिन्यात बायकांचे ढालो होतात. रात्रीची जेवणं उरकली की बायका मांडावर येतात. मांड म्हणजे वाटेल ते अंगण नव्हे. जागा ठरलेली, सारवलेली, देवाच्या नावानं मांडलेली. पुरुषांना तिथं मज्जाव. समोरासमोर दोन रांगा, वाकत-उठत म्हटलेली गाणी, मग फुगड्या. त्या गाण्यांत सासर येतं, माहेर येतं, देव, झाडं, पाखरं येतात. शेवटच्या रात्री सोंगं निघतात, थट्टा होते, काही ठिकाणी एखादीच्या अंगात येतं. शेवटचा विधी झाला की ढालो संपतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी आपापल्या चुलीशी किंवा शेतात असतात. बारा महिने तोंडातून न निघणारं पुष्कळसं या रात्रींत निघतं. निघू शकतं, याचं कारण रात्री मोजक्या आहेत, जागा आखलेली आहे, कोणी यायचं आणि कोणी नाही हे ठरलेलं आहे, आणि थांबायचं कधी हेही.

यावरचा आक्षेप रास्त आहे. ढालो हा सामूहिक विधी, त्यामागं श्रद्धा. चित्र काढणारा एकटा, आणि त्याच्या कागदात देव असेलच असं नाही. दोन्ही एकच आहेत असा दावा मीही करत नाही. विधीतली श्रद्धा उचलून कार्यशाळेत ठेवता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नये. किनाऱ्यावर असले प्रयत्न झाले की ते केविलवाणे दिसतात. घ्यायची ती फक्त मांडाची समज. करी आणि कॅसर यांच्या कोऱ्या कागदाच्या गटाला जे मिळालं नाही, ते हेच असावं असं मला वाटतं: सुरुवातीला धरायला एखादी कड आणि शेवट कुठं आहे याची खात्री. चित्रापुरतं सांगायचं तर एकाच मापाचा कागद, रंग तीनच, वेळ पाऊण तास, आणि कागदावर आधीच एखादी रेष, डाग किंवा वर्तुळ काढून ठेवलेलं. त्यापुढं हात जाईल तिकडे जाऊ द्यावा. चित्र झालं की त्याच बैठकीत त्याचा अर्थ लावायचा नाही. ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचं आणि एखाद-दोन दिवसांनी पाहून, दिसेल ते चार ओळींत लिहायचं. आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा चित्रं जमल्यावर ती क्रमानं जमिनीवर पसरून पाहिली, तर जे एका चित्रात योगायोग वाटत होतं ते सहांत योगायोग राहत नाही.

अर्थ लावण्याचा उद्योग दुसऱ्यानं तर अजिबात करू नये, आणि इथं मी जरा हट्टी आहे. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य, घराला खिडकी नसली म्हणजे माणूस घुमा, असल्या यादीवर पुष्कळ दुकानं चालतात. चित्रावरून स्वभाव ओळखण्याच्या चाचण्यांची झडती 2000 मध्ये लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब यांनी घेतली, आणि एकेका चिन्हाचा एकेक अर्थ ठरवण्याला पुराव्याचा आधार फार तोकडा असल्याचं दाखवून दिलं. डिचोलीकडे बघा. या तालुक्याची जमीनच लोहखनिजानं लाल आहे. खाणींच्या काळात ट्रकांमागची धूळ पानांवर, कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. गोव्यातल्या खाणी 2012 मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. त्या लालीवर कित्येक घरांची कमाई उभी होती आणि त्याच लालीनं शेतं आणि पाणीही नासलं. शिरगावच्या लईराईच्या जत्रेतलं होमकुंड लाल असतं. जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावीची नक्षी, चुन्याच्या पांढऱ्यावर तांबडा थर देऊन ओला असतानाच कोरलेली, तीही लालच. आता शिरगावात वाढलेल्या मुलीनं आपला कागद लालेलाल केला, तर तो बापाचा बुडालेला ट्रकधंदा, धूळ, देवी, की निव्वळ आवडता रंग, हे मुंबईहून आलेली तज्ज्ञ बाई कशी सांगणार? सांगू शकली तर ती मुलगीच सांगेल, तीही कदाचित तिसऱ्या चित्रानंतर.

आता दुसऱ्या टोकाचं मत, म्हणजे चित्र हे औषध आहे हे. साखळीच्या दत्तमंदिरात मनोरुग्णांना घेऊन येण्याची परंपरा जुनी आहे, आणि दुखणं मनाचं आहे हे मान्य करून त्यासाठी कुठंतरी जावं लागतं एवढी समज त्या परंपरेत निश्चित आहे. बांबोळीची मनोरुग्ण संस्था हे आजचं ठिकाण. या दोहोंच्या मध्ये चित्राला कुठं बसवायचं? ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 रुग्णांवर सामूहिक कलोपचाराची मोठी चाचणी झाली. 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या तिच्या निकालात नेहमीच्या उपचारांपेक्षा काही अधिक लाभ दिसला नाही. गंभीर आजारात रंगपेटी हा उपचार नव्हे, आणि गोळ्या थांबवून चित्रं काढा असं सांगणारा धोकादायक माणूस आहे. झोप उडाली आहे, आठवडेच्या आठवडे कशात मन लागत नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, अशा वेळी डॉक्टर गाठावा, किंवा निदान 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फिरवावा. मात्र डॉक्टरांखेरीज कोणी कामाचं नाही असंही नाही. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेनं गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत, साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी काही बैठका घेतल्या, आणि तो उपाय उपयोगी ठरल्याचं 2017 च्या लॅन्सेटमधल्या निबंधानं दाखवलं. यातून चित्राचं काम सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच की नीट आखलेलं, थोडं आणि ठरावीक काम गावातलं माणूसही सांभाळू शकतं.

तसं काम करायला जागाही आहेत. डिचोली, मये, साखळी, पेडण्याची गावं, कुठंही जा, गणपतीच्या चित्रशाळा आहेत. चवथीआधीचे दोन-तीन महिने तिथं पाय ठेवायला जागा नसते. शाळा सुटली की पोरं माती मळायला, पाट उचलायला, निदान बघत बसायला येतात. मूर्तीचा घाट पिढीजात असतो, तरी कोणत्या घरचा हात आहे हे डोळ्यांच्या आखणीवरून जाणकार सांगतात. चवथ झाली की बहुतेक चित्रशाळा सुन्या पडतात. रंग, पाणी, फरशी, उजेड सगळं तिथं असतं. किनाऱ्यावरच्या वर्गाची फी ज्याला परवडत नाही, त्याला पोस्टर कलर आणि कार्डशीट घेऊन आठवड्यातली एक दुपार तिथं बसता येईल. अडचण पैशांची कमी आणि गावाची जास्त आहे. हरमलच्या वर्गात सगळे एकमेकांना परके असतात, म्हणून हात लवकर सुटतो. गावात शेजारणीनं चित्र पाहिलं की संध्याकाळपर्यंत त्याची गोष्ट होते. तेव्हा चित्र ज्याचं त्यानं गुंडाळून घरी न्यावं, नको असेल तर फाडावं, आणि चालवणाऱ्यानं एकही ठेवून घेऊ नये. वर्षाअखेरीच्या प्रदर्शनाचा मोह तर कटाक्षानं टाळावा. एकदा मंत्र्यांच्या हस्ते समई पेटली आणि पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ असे क्रमांक लागले, की पुढच्या वर्षी सगळे जण परीक्षकांना आवडेल तेच काढतील.